वाटेच्या तोंडाशी केलेली तपासणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नेल्सनला नाही, चौकशीला आलेल्या पोलिसांना तर नाहीच. मी बातमीदार माणूस — नाशिकच्या एका दैनिकात उमेदीची वर्षं काढली, आता कॅल्गरीत एका वीज कंपनीची माहितीपत्रकं लिहितो. घडलेली गोष्ट क्रमाने सांगणं, एवढं एक काम मला नीट येतं असा माझा समज आहे. ही गोष्ट मात्र मनातल्या मनात सांगतानाही मी मधूनच सुरू करतो. बर्फ कोसळला तिथून. जणू त्याआधी काही झालंच नव्हतं.

पण झालं होतं.

आम्ही तिघं होतो. मिलिंद पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. नेल्सन वसईचा, ट्रकच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आणि मी. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, आणि तिघांनाही डोंगर आवडतात हे कळल्यावर ती घट्ट झाली. स्की करायला आम्ही चाळिशीच्या आसपास शिकलो, म्हणजे इथल्या हिशेबाने फारच उशिरा. आधी सगळे शिकतात तिथेच — रिसॉर्टवर, जिथे यंत्र फिरवून बर्फ सपाट करून ठेवतात, वर न्यायला पाळणे असतात आणि पडलात तर उचलायला माणसं. दोन हिवाळे ते केलं. मग मिलिंद म्हणाला, "हे काय रे, बागेत फिरल्यासारखं. खऱ्या डोंगरात जाऊ या."

खरा डोंगर म्हणजे जिथे बर्फाला कुणी हात लावलेला नाही तो. पाळणा नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे ती मागे घसरत नाही, आणि स्वतःच्या पायांनी चढायचं. वर पोहोचलं की पट्ट्या काढून, कुणाचाही माग नसलेल्या उतारावरून खाली. त्या उताराचा बर्फ थरांचा असतो. एखादा थर खालच्या थराला नीट चिकटलेला नसला, तर माणसाच्या वजनाने सुटतो आणि अख्खा उतार खाली येतो.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आम्ही रीतसर कोर्स केला होता. सकाळी निघण्याआधी हिमस्खलनाचा अंदाज वाचायचो. प्रत्येकाकडे फावडं होतं, बर्फात खुपसून पाहायची घडीची लांब काठी होती, आणि छातीला पट्ट्यांनी बांधलेला बीकन होता. बीकन म्हणजे मुठीएवढं यंत्र. चालू असलं की ते सतत संदेश सोडत राहतं. कुणी गाडला गेला, तर बाकीचे आपापली यंत्रं शोधायच्या स्थितीत आणतात, आणि पडद्यावर आकडा दिसतो — गाडलेला माणूस अंदाजे किती मीटरवर आहे त्याचा. जवळ जाल तसा आकडा कमी होतो. सोपं आहे. लहान मुलालाही शिकवता येतं.

ते चालू आहे की नाही हे निघतानाच तपासायचं असतं. वाटेच्या तोंडाशी एकाने पुढे जाऊन उभं राहायचं, आपलं यंत्र शोधायच्या स्थितीत ठेवायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोरून एकेक करून, मध्ये अंतर ठेवून जायचं. एकेक करून — कारण दोघं एकत्र आले तर आकडा कुणाचा ते कळत नाही. ही तपासणी विसरणाऱ्या माणसांसाठीच असते. न विसरणाऱ्यांना तिची गरजच काय?

आमच्यात हे काम माझं होतं. कुणी ठरवलं नव्हतं. मी तसा आहे म्हणून माझ्याकडे आलं. आदल्या खेपेला नेल्सन घाईत निघून गेला होता, मी त्याला परत बोलावून पुन्हा समोरून चालायला लावलं. त्यावरून दोघांनी दिवसभर माझी खेचली. "हेडमास्तर, हजेरी घ्या." "हेडमास्तर, एक नंबरला जाऊ?" घरी येताना गाडीतही तेच. मी हसलो. पण मला ते लागलं होतं, हे आता लिहायला हवं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला असल्या चिडवण्याचं काय लागावं?

त्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. अंदाजात धोका मध्यम होता. गाडी लावून आम्ही वाटेच्या तोंडाशी आलो. मंडळाच्या अंकासाठी मी एक लेख लिहायचं कबूल केलं होतं — विषय होता, नवख्यांनी बर्फाच्या डोंगरात कसं सुरक्षित जावं. त्यासाठी फोटो हवे होते. समोरच्या शिखरावर ऊन नुकतं उतरत होतं आणि ते फार वेळ तसं राहणार नव्हतं. मी पुढे जाऊन उभा राहिलो. एका हातात बीकन, दुसऱ्या हातात फोन.

ते दोघं एकत्र आले. मिलिंदच्या स्कीच्या काठीचा पट्टा अडकला होता, नेल्सन तो सोडवत त्याच्या बाजूनेच चालत होता, आणि त्यांचं नेहमीचं सुरू होतं.

"तुम्ही वसईकरांनी बर्फ पाहिला तो पापलेटवर," मिलिंद म्हणाला.

"आणि तुमच्या पुण्यात तो ग्लासात मोजून घालतात," नेल्सन म्हणाला. "ते पण पाहुणा थोर असला तर."

माझ्या यंत्रावर आकडा आला. कमी होत गेला. दोघं माझ्यासमोर पोहोचले. नेल्सन पुढे निघाला, मिलिंद बुटाची पकड घट्ट करायला माझ्या शेजारीच वाकला. आणि आकडा वाढायला लागला.

समजलं ना तुम्हाला? मिलिंद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. नेल्सन लांब जात होता. आकडा नेल्सनबरोबर वाढत होता.

मला ते दिसलं. फोन जवळ असला की बीकनचा आकडा उड्या मारतो, हे खरं आहे, आणि मी त्या क्षणी स्वतःला तेच सांगितलं — फोनमुळे असेल. पण तो उड्या मारत नव्हता. सरळ वाढत होता. फोन खिशात टाकून मिलिंदला "जरा दाखव रे" म्हणायचं होतं. जॅकेटची चेन उघडून आत बघायचं, एवढंच. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चालू आहे ना रे?"

"आहे हो, हेडमास्तर," मिलिंद म्हणाला. वर बघितलंही नाही त्याने.

मी अंगठा वर केला. "ऑल गुड!" नेल्सनला ओरडून सांगितलं. मग फोटो काढला. फोटो चांगला आला.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. चूक म्हणाल. मीही बरेच दिवस तिला चूकच म्हणत होतो, आणि म्हणूनच ती सांगायला इतकी अवघड नव्हती. जे सांगायला अवघड आहे ते दुपारचं आहे.

जेवणाला आम्ही झाडांत थांबलो. थर्मासमधला चहा, अनघाने दिलेल्या मेथीच्या पोळ्या. अनघा म्हणजे मिलिंदची बायको. ती स्की करत नसे, पण डबा तिघांचा द्यायची. ऊन चढलं होतं म्हणून मिलिंदने जॅकेट काढून आतला स्वेटर उतरवला, पुन्हा जॅकेट घातलं. मग आम्ही निघालो. पुढे एक उघडा उतार आडवा ओलांडायचा होता. तो नियमाप्रमाणे एकेकाने ओलांडायचा असं ठरलं. नेल्सन गेला. पलीकडे पोहोचून त्याने स्कीची काठी हलवली. मग मिलिंद निघाला.

तो मध्यावर असताना आवाज झाला — कुणी मोठी गादी वरून टाकावी तसा, बसका. वर एक रेष उमटली आणि उतार तुकड्या-तुकड्यांनी हलला. मिलिंदने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, किंवा कदाचित फक्त मान वळवली. मग तो दिसेनासा झाला. सगळं थांबल्यावर फार शांत होतं.

नेल्सन पलीकडून उतरला, मी अलीकडून. उतरता उतरताच त्याने उपग्रहावरून मदत मागवायच्या यंत्राचं बटण दाबलं. दोघांनीही बीकन शोधायच्या स्थितीत आणले. नेल्सनचा पडदा कोरा. माझाही कोरा.

आणि मला कळलं. तिथेच, त्या क्षणी. शंका नव्हती. सकाळचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

तेव्हा मी काय ओरडायला हवं होतं ते मला माहीत होतं. नेल्सन, त्याचा बीकन बंद आहे, सिग्नल येणार नाही, काठी काढ आणि खुपसायला लाग. एवढंच. कोर्समध्ये शिकवलेलं असतं — सिग्नल नसेल तर वेळ घालवू नका, माणूस शेवटचा कुठे दिसला ते बघा, त्याच्या खालच्या बाजूला, बर्फ जिथे साचला असेल तिथे काठ्या खुपसा. गाडलेल्या माणसाकडे फार थोडा वेळ असतो.

मी ओरडलो नाही. कारण ओरडलो असतो तर नेल्सनने विचारलं असतं, तुला कसं माहीत?

नेल्सन त्या ढिगाऱ्यावर यंत्र हातात धरून नागमोडी फिरत होता, शिकवल्याप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. "येत नाय रे. काय येत नाय." तो रडत होता. "तुला येतोय का?" आणि मीही फिरत होतो. माझं यंत्र पुढे धरून. पडद्याकडे बघत. ज्या यंत्रात काही येणार नाही हे मला माहीत होतं, त्याच्याकडे बघत मी चालत होतो आणि म्हणत होतो, "नाही. अजून नाही."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

किती वेळ? घड्याळ पाहिलं नव्हतं. दुसरा एक गट खालच्या झाडीतून आमचा आरडाओरडा ऐकून वर येईपर्यंत. त्यांत एक उंच बाई होती. तिने नेल्सनला इंग्रजीत एकच विचारलं, सिग्नल आहे का. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग यंत्रं ठेवा, काठ्या काढा. तिने आम्हाला ओळीत उभं केलं. काठी लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून खणलं. मिलिंद फार खोल नव्हता.

तो गेला होता. आधीच सांगायला हवं असेल तर आत्ता सांगतो — मी लवकर बोललो असतो तर तो वाचला असता की नाही, हे मला माहीत नाही. कुणाला विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी हे सगळं सांगावं लागलं असतं.

नेल्सनने त्याच्या जॅकेटची चेन उघडली. बीकनचा दिवा लागलेला नव्हता. "बंद हाय," नेल्सन म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "सकाळी तर चालू होता ना?"

"हो," मी म्हणालो.

ते पहिलं खोटं. मिलिंद आमच्या दोघांच्या मध्ये होता तेव्हाचं. पुढची त्यामानाने सोपी गेली. पोलिसांनी विचारलं, तपासणी झाली होती का. झाली होती. कुणी केली. मी केली. तिघांचेही बीकन चालू होते का. होते. मग मधल्या वेळात त्याने बंद केला असेल? मी म्हणालो, शक्य आहे. सांगताना माझा आवाज स्थिर होता. अनेक वर्षं लोकांना प्रश्न विचारून मला एवढं कळलं होतं, की छोटं उत्तर देणाऱ्याला पुढचा प्रश्न कमी येतो.

कारण मला शोधावंही लागलं नाही. ते अनघाने दिलं. अंत्यसंस्कारानंतर घरी माणसं बसली होती, आणि ती अचानक म्हणाली, "तो सगळं बंदच करायचा रे, अविनाश. बेसमेंटचा दिवा, हीटर, माझा चालू टीव्हीसुद्धा. जेवायला थांबलात तेव्हा केला असेल. बॅटरी वाचवायला. स्वेटर काढला म्हणालास ना? तेव्हाच." असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. खोलीतले सगळे मान हलवत होते. पुण्याचा माणूस. बॅटरी वाचवली असेल.

मी काय केलं? मीही मान हलवली. ती स्वतःच्या नवऱ्याचा मूर्खपणा स्वतःच्या तोंडाने तयार करत होती, आणि चहा पीत तो ऐकणारा मी, एकटाच, जाणत होतो की तसं झालेलं नाही.

मंडळाच्या अंकात मी लेख लिहिला. आधी ठरलेला तोच, सुरक्षिततेचा, फक्त आता त्यात एक मृत्यू होता. वृत्तपत्रात शिकलेली पद्धत अशी की बातमीत बातमीदार दिसू नये. ती मी काटेकोर पाळली. लेखात तपासणी आहे, तपासणी करणारा नाही. बंद यंत्र आहे. वाटेत काही जण बॅटरी वाचवायला यंत्र बंद करतात, ती सवय घातक आहे, असा परिच्छेद आहे. मिलिंदचं नाव त्या परिच्छेदात नाही. ते त्याच्या बरोबर वरच्या परिच्छेदात आहे. लोकांनी लेखाचं कौतुक केलं. संयमाने लिहिलंय म्हणाले.

नेल्सनने त्यानंतर स्की केली नाही. वर्षभराने तो विंडसरला निघून गेला, गाड्यांच्या कारखान्यात. नाताळला फोन करतो. मिलिंदचा विषय आम्ही काढत नाही. त्याला वाटतं, मला त्रास होतो म्हणून.

आणि अनघा — ती जे करते त्याला मी काय म्हणावं कळत नाही. दर वर्षी पहिला बर्फ पडायच्या सुमाराला ती मंडळातर्फे एक वर्ग घेते. स्वतः कधी स्की न केलेल्या तिने कोर्स केले, परीक्षा दिल्या. नवीन आलेली मुलं-मुली येतात, नुकती नोकरी लागलेली, डोंगरांचे फोटो बघून भुललेली. आधी हॉलमध्ये बोलणं, मग पार्कमध्ये बीकन पुरून शोधायचा सराव. बोलण्याच्या शेवटी ती मिलिंदचा बीकन हातात धरते आणि सांगते, "माझा नवरा हुशार होता. सगळं शिकला होता. फक्त जेवायच्या वेळेला त्याने हे बंद केलं. तुम्ही करू नका."

ते शब्द मी लिहून दिलेत. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "तू लिही ना, मला नीट जमत नाही." मी लिहिलं. "फक्त" हा शब्द मी घातला. मग पहिल्या रांगेत बसून ऐकलं. त्यानंतरही दर वर्षी ऐकलं.

तिच्या वर्गामुळे कुणीतरी वाचलं असेल का? असेल. पण त्याचा माझ्याशी संबंध नाही.

मिलिंद गेला तेव्हा त्याची मुलगी शर्वरी शाळेत होती. आता युनिव्हर्सिटीत आहे, आणि तीही डोंगरात जाते. आईने अडवलं नाही. यंदा तिने मोठा कोर्स केला, आठवडाभराचा, आणि या वेळी पार्कमधला सराव तिने घेतला. मी नेहमीसारखा पिशव्या उचलायला होतो. मुलं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. मराठी तिला समजतं सगळं, बोलताना मात्र अर्धं इंग्रजी असतं.

"काका, ट्रेलहेडला तू उभा होतास, राइट?"

"हो."

"बाबा आणि नेल्सन अंकल एकेक करून आले? सेपरेटली?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, अनघाने नाही. विचारायला ते काम माहीत असावं लागतं. तिला आता माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता; उलट, काहीतरी सापडेल अशी आशा होती. बाप मूर्ख नव्हता असं कुठेतरी निघेल, एवढीच.

"हो," मी म्हणालो. "एकेक करून आले. त्याचा मी वेगळा पाहिला होता."

"ओके," ती म्हणाली. "देन ही डिड टर्न इट ऑफ." मग खाली वाकून तिने पुरलेला शेवटचा बीकन काढला, झटकला, माझ्या पिशवीत टाकला. "आय वॉज सो मॅड ॲट हिम, यू नो. फॉर इयर्स. स्टिल ॲम, आय गेस."

मिलिंदने वाटेत काही बंद केलं नव्हतं. त्याचा बीकन निघतानाच चालू नव्हता, मला ते तिथेच दिसलं होतं, मी त्याला जाऊ दिलं. तो बर्फाखाली असताना माझी लाज वाचावी म्हणून मी गप्प राहिलो, नेल्सनला चुकीच्या शोधात फिरू दिलं. आणि मग त्याच्या मुलीला त्याच्यावर रागावू दिलं, इतकी वर्षं, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा.

तुम्ही हे वाचाल तोवर मी त्या दोघींच्या घरी जाऊन आलेला असेन, आणि नेल्सनलाही फोन झालेला असेल. जे इथे लिहिलंय तेवढंच सांगणार आहे, क्रमाने. माफी मागणार नाही. मागितली, तर त्यांना मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.